मडके वाजवून घ्यावे, हेडफोनही वाजवून घ्यावा



गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या वहिनी संध्याकाळी घरी आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत मोडलेला हेडफोन. टेबलावर ठेवून म्हणाल्या, "भाऊ, हे सात हजारांचं आहे. अकरा महिन्यांत मोडलं. आता पोरगी म्हणते दुसरं घ्यायचं, तेही अकरा हजारांचं. तिच्या वडलांचा बोनस आलाय पंधरा हजार. धाकट्याची क्लासची फी बाकी आहे. तुम्हीच सांगा तिला."

वहिनींच्या मागोमाग मुलगीही आली. ही मुलगी घरी बसून ध्वनिमुद्रणाचे काम करते. कोणी गोष्टी वाचून मुद्रित केलेल्या असतात, त्यातले श्वासाचे, खुर्चीचे, पंख्याचे आवाज काढून ती फाइल स्वच्छ करून द्यायची. एका फाइलचे नऊशे रुपये मिळतात. ती म्हणाली, "काका, या महिन्यात तीन फायली परत आल्या. स्टुडिओवाले म्हणतात, मागे गुणगुण आहे. मला ती ऐकूच येत नाही. चांगला बंद हेडफोन घेतल्याशिवाय पुढचं काम देणार नाहीत."

आई म्हणते चैन, मुलगी म्हणते अवजार. दोघींचेही म्हणणे खोटे नव्हते. मी वाणिज्य शाखेचा माणूस. आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात की खर्च दोन प्रकारचा असतो, एक खाऊन संपणारा आणि दुसरा भांडवली. सुताराची करवत हे भांडवल आहे. मात्र भांडवल म्हणून घेतलेली वस्तू अकरा महिन्यांत मोडली तर ती करवत नव्हे, जत्रेतले खेळणे म्हणायचे. सबब प्रश्न दोन होते. ही वस्तू काम करील काय? आणि ती टिकेल काय? आज अनेक घरांत मुले-मुली असे महागडे हेडफोन मागत आहेत, म्हणून या दोन प्रश्नांची उत्तरे सविस्तर देत आहे.

बंद हेडफोन म्हणजे काय

कानावर बसणाऱ्या हेडफोनचे मुख्य प्रकार दोन. एकात वाटीची मागची बाजू जाळीची असते, त्याला उघडा म्हणतात. त्यातला आवाज मोकळा वाटतो, पण तो बाहेर सांडतो आणि बाहेरचा आत येतो. दुसऱ्यात मागची बाजू पूर्ण बंद असते. गायक माइकसमोर उभा राहून कानात संगीत ऐकतो, तेव्हा ते संगीत माइकमध्ये शिरू नये म्हणून स्टुडिओत बंद हेडफोनच देतात. चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत, शेजारी टीव्ही आणि खाली रिक्षा चालू असताना काम करणाऱ्यालाही बंदच हवा.

पण बंद वाटीची एक अडचण आहे. आतला पडदा थरथरतो तेव्हा आवाज जसा कानाकडे जातो तसाच मागेही जातो. मागे वाट नसल्याने तो भिंतीवर आपटून परततो. वाटी पोकळ आणि पातळ असली तर ती स्वतःच घुमते आणि आवाजात डब्यातल्यासारखा गदळपणा येतो. चांगला कारखानदार वाटी घट्ट करतो, आत फोम किंवा नमदा घालून हे घुमणे मारतो. बंद हेडफोनमध्ये चांगल्या बनावटीसाठी जे पैसे आपण मोजतो, त्यातला मोठा भाग या कामाचा असतो. बाहेरून तो दिसत नाही. दिसते ते चकचकीत बोधचिन्ह.

मोडलेल्या वस्तूने शिकवलेले

दुकानात जाण्याआधी आम्ही तो मोडलेला हेडफोन नीट पाहिला. वाटी जिथे घडी होते, तो सांधा तुटला होता. बाहेरून चांदीसारखा रंग, आत साधे ठिसूळ प्लास्टिक. कुठे स्क्रू नाही, सगळे डिंकाने चिकटवलेले, त्यामुळे उघडायची सोय नाही. तो बिनतारी होता, म्हणजे सात हजारांत ब्लूटूथ, बॅटरी, बाहेरचा आवाज मारणारी यंत्रणा हे सगळे आले होते आणि सांध्याच्या वाट्याला फारसे काही उरले नव्हते. त्यातून हप्त्यावर घेतलेला. दुरुस्ती केंद्राने "हे आदळआपटीचे नुकसान आहे, वॉरंटीत बसत नाही" असे सांगून परत पाठवले. पक्के बिल घरात सापडले नाही, म्हणून पुढे भांडताही आले नाही.

बिनतारी हेडफोन वाईट असे मी म्हणत नाही. लोकल प्रवासात ते सोयीचे असतात. पण त्यातली बॅटरी काही वर्षांनी उतरतेच, आणि बहुतेकांत ती सहज बदलता येत नाही. शिवाय ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोहोचतो, मुद्रणाच्या कामात तो उशीर चालत नाही. कामासाठी वायरवालाच बरा.

वायरवाल्या बंद हेडफोनांत काही नमुने इतकी वर्षे टिकून आहेत की त्यांच्याकडे पाहून आपल्याला धडा घेता येतो. जर्मनीतील हाइलब्रॉनच्या बायरडायनॅमिक कंपनीचा डीटी ७७० हा १९८० च्या दशकातला. जर्मनीच्याच सेनहायझरचा एचडी २५ हा १९८८ चा, तर जपानच्या सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ चा. तिन्ही आजही स्टुडिओत दिसतात. जुना नमुना चालू राहिला म्हणजे त्याच्या गाद्या आणि सुटे भागही मिळत राहतात. एचडी २५ चे तर जवळजवळ सर्व भाग सुटे करून बदलता येतात आणि त्याचे वजन वायर सोडून अवघे १४० ग्रॅम. तो प्लास्टिकचा आहे, दिसायला साधा आहे. पण वापरणारे मोडलेला भाग बदलतात आणि पुढे चालवतात.

तात्पर्य, धातू म्हणजे मजबूत आणि प्लास्टिक म्हणजे तकलादू, हे समीकरण चुकीचे आहे. स्प्रिंग स्टीलची पट्टी शेकडो वेळा वाकून सरळ होते. साच्यात ओतलेला स्वस्त जस्ताचा सांधा चमकतो, पण आपटला की तडकतो. चांगल्या जातीचे नायलॉन वाकते आणि वाचते.

दुकानात काय पाहावे

शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी मायलेकींसह लॅमिंग्टन रोडला गेलो. तिथे जे पाहिले ते क्रमाने देतो. कात्रण काढून ठेवावे.

कमान : डोक्यावरून जाणारी पट्टी दोन्ही हातांनी हळू फाकवावी आणि किंचित पिळावी. करकर आवाज येऊ नये. सोडताच मूळ आकारात यावी. लांबी कमी-जास्त करण्याच्या खाचा दोन्ही बाजूंना सारख्या आणि घट्ट असाव्यात. डोके हलवल्यावर खाच आपोआप सरकत असेल तर घेऊ नये.

सांधे : घडीचा हेडफोन सोयीचा, पण प्रत्येक घडी म्हणजे मोडण्याची एक जागा. घरातच वापरायचा असेल तर घडी नसलेला घ्यावा. स्क्रू दिसत असतील तर आनंद मानावा. जे उघडते ते दुरुस्त होते.

वाटी : आपली आई-आजी बाजारात मडके बोटाने वाजवून घ्यायची. वाटीवर तशीच टिचकी मारावी. फरक एवढाच की मडके खणखणीत वाजले पाहिजे आणि बंद हेडफोनची वाटी मात्र ठप्प वाजली पाहिजे. पोकळ टणटण आली तर आतले घुमणे मारलेले नाही असा संशय घ्यावा. ही परीक्षा ढोबळ आहे, अंतिम निकाल कानाचाच.

गादी : कानाभोवतीची गादी हा सर्वात आधी खराब होणारा भाग. कृत्रिम कातड्यावर पॉलियुरेथेनचा थर असतो. घाम आणि दमट हवा यांनी तो सुटतो आणि काळे पापुद्रे मानेवर पडतात. मुंबई-कोकणात हे लवकर होते. म्हणून दोन प्रश्न विचारावेत : गादी काढता येते का, आणि नवी जोडी कितीला मिळते? डीटी ७७० च्या काही स्टुडिओ नमुन्यांवर मखमली कापडाच्या गाद्या येतात, त्यांचे पापुद्रे निघत नाहीत, पण धूळ बसते.

वायर : वायर पिनेपाशी आणि वाटीपाशी तुटते. तिथे रबराची लवचिक नळी आहे का ते पाहावे. वायर काढता येत असेल तर उत्तम. ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्समध्ये ती फिरवून काढता येते आणि खोक्यात तीन वायरी मिळतात. सोनीच्या ७५०६ ला आणि साध्या डीटी ७७० ला ती पक्की जोडलेली असते. तुटली तर कारागीर डाग देऊन जोडतो. बायरडायनॅमिकने २०२४ मध्ये शतकपूर्तीच्या निमित्ताने काढलेल्या डीटी ७७० प्रो एक्समध्ये मात्र सुटणारी वायर दिली. कारखान्यालाही शेवटी हे पटले म्हणायचे.

वजन आणि पकड : दोन मिनिटे नव्हे, किमान पंधरा मिनिटे घालून बसावे. ७५०६ वायर सोडून सुमारे २३० ग्रॅम, डीटी ७७० सुमारे २७० ग्रॅम, एम५०एक्स सुमारे २८५ ग्रॅम भरतो. लाकूड आणि धातूचे काही महागडे हेडफोन याहून बरेच जड असतात. दुकानात ते भारदस्त वाटतात, पण चार तास काम करणाऱ्याची मान दुखते.

ओहम : हा आकडा खोक्यावर असतो. डीटी ७७० हा ३२, ८० आणि २५० ओहमचा मिळत आला आहे. मोबाइलला २५० चा जोडला तर आवाज क्षीण येतो, त्याला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. म्हणजे हेडफोनचे पैसे मोजून पुन्हा यंत्राचे मोजायचे. मोबाइल किंवा लॅपटॉपवर काम करणाऱ्याने कमी ओहमचा घ्यावा. आपल्या मोबाइलला गोल भोक आहे की नाही तेही आधी पाहावे. नसल्यास जोडणी वेगळी घ्यावी लागते.

खोक्यावर "५ ते ३५,००० हर्ट्झ" असे काही लिहिलेले असते, त्याला भुलू नये. तरुण, निरोगी कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येते. त्या आकड्यावरून आवाज चांगला की वाईट हे कळत नाही.

खरी परीक्षा

हे सगळे झाल्यावर मुलीने मोबाइल काढला. विक्रेता म्हणाला, "आमच्याकडे डेमोची गाणी आहेत." ती म्हणाली, "नको, माझी फाइल आहे." स्टुडिओने परत पाठवलेली फाइल तिने लावली. अकरा हजारांचा हेडफोन चढवला आणि ऐकत राहिली. मान हलवली, "गुणगुण नाही येत."

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मीही क्षणभर गोंधळलो. मग लक्षात आले, मुलीला चष्मा आहे. चष्म्याच्या दांडीमुळे गादी आणि कानामागची त्वचा यांत फट पडली होती. बंद हेडफोनचा खर्जातला आवाज या घट्ट बसण्यावरच अवलंबून असतो, फट पडली की खर्ज निसटतो. आणि पंख्याची गुणगुण ही खर्जातच असते. दुसऱ्या नमुन्याची गादी जास्त मऊ होती. तो चढवला, गादी नीट बसवली. अर्ध्या मिनिटात तिचा चेहरा बदलला. "काका, आहे. सगळ्या फायलीत आहे. मी अशीच पाठवली."

तिने तो काढून आईच्या डोक्यावर चढवला. वहिनींनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाल्या, "अगं, हा तर आपलाच पंखा." फाइल स्वच्छ केल्यावर मुलगी शेवटची चार वाक्ये स्वतःच्या आवाजात तपासून पाहते, त्या जागी घरातला पंखा चालू होता. तीन कामे ज्या पंख्याने परत पाठवली तो रोज डोक्यावर फिरत होता आणि जुन्या, खर्ज फुगवणाऱ्या हेडफोनमध्ये तो गाण्याच्या ढोलात बुडत होता.

विक्रेत्याने मग अठ्ठावीस हजारांचा एक दाखवला. लाकडी वाटी, खऱ्या कातड्याची गादी, पेटी तर दागिन्यांची वाटावी. आवाजही गोड. मुलीने त्यातही तीच फाइल लावली. पंखा त्यातही ऐकू आला. तेवढाच. वरचे सतरा हजार लाकडाचे, कातड्याचे, पेटीचे आणि थोड्या गोडव्याचे होते. ज्याला परवडते त्याने तो गोडवा जरूर घ्यावा. पण एका मर्यादेपुढे किंमत तिप्पट झाली म्हणून काम तिप्पट होत नाही.

हिशोब

घरी येऊन वहीत मांडणी केली ती अशी. अकरा हजारांचा हेडफोन सहा वर्षे चालला असे धरू. दोनदा गाद्या, चोवीसशे. एकदा वायर, सहाशे. एकूण चौदा हजार. बहात्तर महिन्यांनी भागले तर महिना सुमारे १९४ रुपये.

दीड हजारांचा साधा हेडफोन दहा महिने टिकतो असे धरले तर सहा वर्षांत आठ लागतील. बारा हजार. महिना सुमारे १६७ रुपये. म्हणजे स्वस्तातलाच किंचित स्वस्त पडला! हे मी लपवत नाही. ज्याला फक्त गाणी ऐकायची आहेत, त्याच्या घरात अकरा हजारांचे भांडण करण्याचे काही कारण नाही.

अठ्ठावीस हजारांचा, चार हजारांच्या गाद्यांसह, महिना सुमारे ४४४ रुपये. आणि तो मोडलेला, सात हजार भागिले अकरा महिने, महिना सुमारे ६३६ रुपये. या सगळ्यांत महाग पडला तो तोच, मधल्या किमतीचा आणि चमकणारा.

आता दुसरी बाजू. साधा आणि कामाचा यांत सहा वर्षांचा फरक दोन हजारांचा. मुलीच्या एका महिन्यात परत आलेल्या तीन फायली सत्तावीसशेच्या. कामाला लावलेल्या वस्तूचा हिशोब नुसत्या किमतीवर होत नाही, ती नसल्याने काय बुडते तेही जमेस धरावे लागते. वहिनींनी वही दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "धाकट्याची फी आधी भरते. उरलेल्यात चार कमी पडतील, ते हिच्या पहिल्या कामातून. हप्ता नको." मला त्यांचा निर्णय माझ्या हिशोबापेक्षा शहाणा वाटला.

बिल आणि कान

दोन गोष्टी सांगून थांबतो. पहिली, पक्के बिल. गाजलेल्या नमुन्यांच्या हुबेहूब नकला बाजारात आहेत. खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किंमत, कोणत्या देशात बनले आणि महिना-वर्ष छापलेले असावे लागते. नसेल तर सोडून द्यावे. बिल आणि वॉरंटी कार्डाचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा. साध्या वापरात वॉरंटीतच सांधा तुटला तर "आदळआपट" हा शब्द ऐकून परत फिरू नये, लेखी उत्तर मागावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.

दुसरी, कान. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा, मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. आवाज ३ डेसिबल वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८३ ला वीस तास, ८६ ला दहा. गोंगाटात आपण आवाज वाढवत नेतो. चांगला बंद हेडफोन बाहेरचा गोंगाट अडवतो, त्यामुळे हळू आवाजात काम भागते. हा त्याचा मोठा फायदा, पण तो घेणाऱ्याने आवाज खरोखर कमी ठेवला तरच. आणि रेल्वेचे रूळ, रस्ता ओलांडताना तो गळ्यात असावा, कानावर नव्हे. जो हेडफोन बाहेरचे ऐकू देत नाही, तो गाडीचा भोंगाही ऐकू देत नाही.

मुलीने शेवटी कोणता घेतला ते इथे लिहीत नाही. तिच्या चष्म्याला आणि डोक्याला जो बसला तो तुमच्या मुलाला बसेलच असे नाही. ज्याने त्याने आपली फाइल, आपला चष्मा आणि आपली वही घेऊन जावे.

परवा वहिनी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "भाऊ, आता ती काम करते तेव्हा पंखा बंद. उकाड्याने जीव जातो आमचा." मी विचारले, फायली? म्हणाल्या, "अजून एकही परत नाही आली."